बायोसचा पासवर्ड विसरलात? आधी कुलूप ओळखा

कॉम्प्युटर सुरू करताच, विंडोज यायच्या आधीच पासवर्डची चौकट आली, तर ते कुलूप बायोसचं, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमचं आहे. विंडोज नव्याने टाकून किंवा हार्ड डिस्क बदलून ते उघडत नाही. चौकटीत हार्ड डिस्कचा उल्लेख असेल तर पासवर्ड डिस्कच्या आतच साठवलेला असतो आणि ती दुसऱ्या मशीनला लावली तरी सोबत जातो; खालचे उपाय तिथे चालणार नाहीत. आणि विंडोज सुरळीत सुरू होतंय, फक्त बायोसच्या सेटिंग्जमध्ये शिरता येत नाही, असं असेल तर घाई नाही.

आधी कॅप्स लॉक आणि नम लॉक तपासा. छोट्या कीबोर्डवर नम लॉक चालू असेल तर काही अक्षरांऐवजी आकडे उमटतात, आणि चौकटीत तर फक्त ठिपके दिसतात. बऱ्याच मशीनवर तीन चुकांनंतर सगळं गोठतं; बंद करून पुन्हा सुरू केलं की आणखी तीन संधी.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी एक गोष्ट फोनवरून करून ठेवा. बायोस रिसेट झाला की बिटलॉकरला (डिस्कवरचा डेटा एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय) मशीन बदलल्याचा संशय येतो आणि तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. विंडोज ११ असलेल्या अनेक मशीनवर हे एन्क्रिप्शन मालकाला पत्ता नसताना चालू झालेलं असतं. आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती की सापडते का पाहा. ऑफिसचं मशीन असेल तर आयटी विभागाला विचारा. (आणि ऑफिसच्या मशीनचा पासवर्डही त्यांच्याकडूनच काढून घ्या.) एन्क्रिप्शन चालू असून ही की नसेल तर पासवर्ड गेला तरी डेटा मिळणार नाही.

डेस्कटॉपचं काम सोपं आहे. एसएमपीएसचं (वीजपुरवठ्याच्या डब्याचं) मागचं बटण बंद करा, पॉवर केबल काढा आणि मग पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेला करंट संपतो. ही पायरी लोक गाळतात आणि मग ‘सेल काढला तरी काही झालं नाही’ म्हणतात. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. बोर्डवर नाण्याएवढा सीआर२०३२ सेल दिसेल, ३ व्होल्टचा. कधी तो ग्राफिक्स कार्डखाली लपलेला असतो. बाजूची पट्टी हलकेच दाबली की सेल वर उसळतो. दहा मिनिटं बाहेर ठेवा आणि अधिकची खूण वर ठेवून परत बसवा. जुना असेल तर नवाच घाला.

नव्या बोर्डांवर सेटिंग्ज बहुधा वीज गेली तरी टिकणाऱ्या फ्लॅश चिपमध्ये असतात, त्यामुळे नुसता सेल काढून भागेलच असं नाही. तिथे जम्पर, म्हणजे बोर्डवरच्या पिना जोडणारी छोटी टोपी, वापरा. एसुसच्या बोर्डवर सीएलआरटीसी, गिगाबाइटवर सीएलआर-सीमॉस, एमएसआयवर जेबीएटी१ अशी छापील अक्षरं शोधा. तीन पिना असतील तर टोपी १-२ वरून २-३ वर ५ ते १० सेकंद ठेवायची आणि मूळ जागी आणायची. दोनच पिना असतील तर स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोन्हींना तेवढाच वेळ टेकवा. हे सगळं वीज पूर्ण तोडलेली असतानाच. टोपी मूळ जागी आणायची राहिली तर मशीन सुरूच न होण्याची शक्यता असते.

डेलच्या ऑप्टिप्लेक्ससारख्या ऑफिसच्या डेस्कटॉपवर पासवर्डसाठी वेगळा जम्पर असतो, पीएसडब्ल्यूडी लिहिलेला. त्याची टोपी काढून मशीन एकदा सुरू करायचं, बंद करायचं, टोपी परत घालायची.

रिसेटनंतर तारीख मागे गेलेली असते. ती नीट लावा, नाहीतर ब्राउझर प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची तक्रार करेल. निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं तर विंडोज बिघडलेलंच असेल असं नाही. बहुधा बायोसमधला स्टोरेजचा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) एएचसीआयवरून रेडवर (RAID) किंवा उलट गेलेला असतो. तो पूर्ववत करा. बूट डिस्कच सापडत नसेल आणि विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेलं असेल, तर बायोसमधलं सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सेटिंग) चालू करून पाहा.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी. तिथे पासवर्ड बहुधा अशा चिपमध्ये असतो की वीज गेली तरी टिकतो. सेल काढण्यात वेळ घालवू नका. नाजूक पट्टी-केबल तुटण्याचाच धोका जास्त. इंटरनेटवर फिरणाऱ्या ‘मास्टर पासवर्ड’च्या याद्या बहुतेक १९९०च्या दशकातल्या बोर्डांच्या आहेत. खरेदीचं बिल आणि सर्व्हिस टॅग किंवा सिरीयल नंबर घेऊन कंपनीच्या सेवा केंद्राकडे जा. डेल मालकीची खात्री पटल्यावर मदत करते. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड हरवला तर लेनोवोचं अधिकृत उत्तर मदरबोर्ड बदलणं हेच आहे, तेही स्वखर्चाने. इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी अ‍ॅपल मूळ खरेदीची पावती मागते.

बाहेरचे कारागीर चिपमधला मजकूर वाचून, बदलून पुन्हा लिहितात. जमतं, पण त्याच चिपमध्ये अनेकदा बोर्डचा सिरीयल नंबर आणि फर्मवेअरही (बायोसचा प्रोग्रॅम) असतं. लिहिण्याआधी मूळ मजकूर दोनदा वाचून, दोन्ही फाइली जुळतात का पाहून जपून ठेवणार का, हे विचारा. नाही म्हणाला तर लॅपटॉप परत घ्या.

सेकंड हँड लॅपटॉप घेताना, लॅमिंग्टन रोडवर असो की ऑनलाइन, पैसे देण्याआधी दुकानदारासमोर मशीन रीस्टार्ट करून एफ२ किंवा एफ१० दाबा. सेटिंग्ज उघडली आणि एखादी बदलून सेव्ह झाली, तरच बिल करायला सांगा.