नकाशा दिसला म्हणजे डिस्क वाचली जातेय असं नाही

डॅशबोर्डात बसवलेलं, डीव्हीडीवर चालणारं नेव्हिगेशन असलेल्या जुन्या गाड्या अजून दुरुस्तीला येतात. या कामात नवीन असाल तर असं युनिट बहुधा तुमच्याच पुढ्यात सरकवलं जाईल, कारण जाणत्या माणसांना त्यात वेळ घालवायचा नसतो. माझ्याही पुढ्यात तसंच आलं. त्यात एक चूक मी एकाच गाडीवर तीनदा केली. ती आठवली की अजून पोटात गोळा येतो, म्हणून आधी तिच्याबद्दलच लिहितो.

तक्रार साधी होती. अधूनमधून 'डिस्क वाचता येत नाही' असं पडद्यावर येई. मी डिस्क काढली, पुसली, परत घातली. नकाशा आला, गाडीचं चिन्ह बरोबर जागेवर दिसलं. गाडी दिली. चार दिवसांनी ती परत आली. या वेळी युनिट उघडून लेन्स साफ केली. नकाशा आला, गाडी दिली. तिसऱ्यांदा दुसऱ्या युनिटमधला चांगला ड्राइव्ह, म्हणजे डिस्क फिरवून वाचणारा भाग, काढून बसवला आणि तरीही ती परत आली. गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून सांगत होतं, "तुमच्याकडे चालतं हो, मी लांब गेलो की बंद पडतं." मी त्या 'लांब'चा अर्थ मनाशीच लावून टाकला होता: युनिट तापत असेल, खड्ड्यांत हादरत असेल.

खरं कारण असं होतं. या युनिटांना स्वतःची मेमरी असते. गाडी उभी आहे तिथला नकाशा डिस्कवरून एकदा उचलला की तो मेमरीत राहतो, आणि पडद्यावर दिसतो तो तिथूनच. काही युनिटं तर ठरवलेल्या मार्गाच्या दोन्ही बाजूंचा पट्टाच उचलून ठेवतात. एकच खाच असलेल्या गाडीत नकाशाची डिस्क काढून गाण्याची सीडी घातली तरी वळणं सांगितली जातात, ती यामुळेच. म्हणजे गॅरेजमध्ये मला जो नकाशा दिसला, त्याने एवढंच सिद्ध झालं की डिस्कचा एक छोटासा तुकडा एकदा वाचला गेला. बाकी डिस्कबद्दल मला काहीच कळलेलं नव्हतं.

डिस्कवरचा डेटा आतून बाहेर जाणाऱ्या एका लांबच लांब वळणदार रेघेत असतो. वेगवेगळ्या प्रदेशांचे नकाशे त्या रेघेवर वेगवेगळ्या ठिकाणी असतात. ओरखडा बाहेरच्या कडेला असेल तर एका प्रदेशात सगळं सुरळीत चालतं आणि दुसऱ्यात शिरलं की एरर येते. शिवाय साडेआठ जीबीची डीव्हीडी असेल तर तिच्यात दोन थर असतात. लेसर थकला असेल तर तो पहिला थर वाचतो आणि दुसऱ्यावर फोकस करताना अडखळतो. माझ्या गाडीच्या डिस्कला कडेजवळ ओरखडा होता आणि मी ड्राइव्ह बदलून बसलो होतो. काढून टाकलेला ड्राइव्ह निर्दोष होता.

म्हणून गाडी परत देण्याआधी युनिटला डिस्कवर जायला भाग पाडा. शेकडो किलोमीटरवरचं ठिकाण टाकून मार्ग काढायला लावा. नकाशा हाताने सरकवत लांब न्या, झूम करून गल्ल्यांपर्यंत उतरा, तीन-चार वेगळ्या शहरांतले रस्ते नावाने शोधा. मग इंजिन चालू ठेवून युनिट चांगलं तापू द्या आणि हेच पुन्हा करा. एरर दर वेळी नकाशावरच्या त्याच भागात आली तर आधी डिस्कवर संशय घ्या. जागा बदलत असेल पण युनिट तापल्यावरच येत असेल, तर ड्राइव्ह किंवा लेसर. स्टार्टर मारतानाच येत असेल तर ड्राइव्हला हातसुद्धा लावू नका, आधी बॅटरी आणि अर्थिंग तपासा.

याच जातीचा आणखी एक धोका सांगतो. 'गाण्याची सीडी वाजते, म्हणजे लेसर ठीक आहे' हे मला एका अनुभवी मिस्त्रीने ठणकावून सांगितलं होतं. ते चूक आहे. सीडीसाठी 780 नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीसाठी 650 चा. दोन्ही वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये एक ठणठणीत आणि दुसरा मेलेला असू शकतो. मला शिकवणाऱ्यांबद्दल आदर आहे, पण कारण न सांगता नुसतं उत्तर हातात ठेवणाऱ्यांपासून मी जपूनच राहतो.

डिस्क पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्या, गोल फिरवू नका. डेटाच्या रेघेला आडवा गेलेला बारीक ओरखडा एरर करेक्शन, म्हणजे वाचनातल्या चुका भरून काढणारी ड्राइव्हची सोय, सांभाळून घेतं, पण रेघेच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग डेटा खातो. ब्रश लावलेल्या लेन्स क्लीनर डिस्कवर माझा विश्वास नाही. घरी बर्न केलेली कॉपी तर तपासणीला अजिबात वापरू नका. तिच्यावरून लेसरचा प्रकाश छापील डिस्कपेक्षा कमी परततो, म्हणून जुना लेसर ती नाकारतो आणि तुम्ही चांगल्या ड्राइव्हला दोष देऊन मोकळे होता.

बॅटरीचं टर्मिनल काढण्याआधी युनिटला चोरीविरोधी कोड (वीज तुटल्यावर पुन्हा चालू होताना युनिट मागतं तो) आहे का ते मालकाला विचारा. कोड हातात नसेल तर टर्मिनल काढू नका. बस.

टर्मिनल जोडल्यावर गाडी नकाशावर भलत्याच ठिकाणी दिसली तर मात्र घाबरू नका. मी घाबरून अँटेना बदलायला निघालो होतो. उपग्रहांची पूर्ण यादी उतरवून घ्यायला जीपीएसला साडेबारा मिनिटं लागतात, तीही सिग्नल अखंड मिळाला तर. पत्र्याच्या छपराखाली तो मिळणारच नाही. गाडी उघड्यावर लावा आणि थांबा. त्यानंतरही उपग्रह दिसत नसतील तर अँटेनाची केबल, तिचा कपलर आणि काचेवरची धातूमिश्रित फिल्म बघा. उपग्रह दिसतात पण बोगद्यात किंवा वळणावर चिन्ह भरकटतं, तेव्हा स्पीड पल्स (गाडीच्या वेगाचा सिग्नल), रिव्हर्स सिग्नल आणि जायरो (वळण ओळखणारा सेन्सर) तपासा. बहुतेक युनिटांत लपवलेला तपासणीचा पडदा असतो, त्यावर हे सगळं एका जागी दिसतं. तो कसा उघडायचा ते सर्व्हिस मॅन्युअलमधून शिकून घ्या, त्यात गेलेला वेळ वाया जात नाही.

तारीख जवळजवळ वीस वर्षं मागे गेलेलं युनिट आलं तर काहीही उघडू नका. जीपीएसचा मूळ सिग्नल आठवडे 1024 पर्यंतच मोजतो आणि मग शून्यावर येतो. असं ऑगस्ट 1999 मध्ये आणि एप्रिल 2019 मध्ये झालं. काही युनिटांचा हिशेब त्यांच्या सॉफ्टवेअरनुसार वेगळ्या दिवशी चुकतो. तुमच्या हातून काही बिघडलेलं नसतं. रस्ता ते बहुधा बरोबरच दाखवत राहतं.

राहिलं नव्या आवृत्तीच्या डिस्कचं. ती घातल्यावर काही युनिटं आधी आपला प्रोग्रॅम बदलून घेतात आणि त्याला बराच वेळ लागतो. डिस्क त्या युनिटसाठीच आहे ना, हे भाग क्रमांकावरून आधी पडताळा. बाहेरून स्थिर 12 व्होल्ट पुरवठा जोडा. मध्येच कोणी स्टार्टर मारला आणि व्होल्टेज पडलं तर प्रोग्रॅम अर्धवट राहतो, आणि ते युनिट पुन्हा उठेल याची खात्री नाही. किल्ली तुमच्या खिशात ठेवा आणि पडद्यावरची प्रगतीची पट्टी शंभर टक्क्यांवर पोचेपर्यंत गाडीजवळून हलू नका, कोणीही हाक मारली तरी.