सिंकथिंग: मधल्या सर्व्हरशिवाय दोन संगणकांवरील फोल्डर सारखे कसे ठेवावेत

घरचा संगणक आणि कामाचा लॅपटॉप यांवरील फायली सारख्या ठेवण्यासाठी आपण बहुधा एखाद्या कंपनीच्या क्लाउडवर विसंबतो, म्हणजे आपली कागदपत्रे आधी तिच्या सर्व्हरवर जातात आणि तिथून दुसऱ्या यंत्रावर उतरतात. २०१३ साली प्रथम प्रसिद्ध झालेले सिंकथिंग हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर हा मधला मुक्कामच काढून टाकते. आपली यंत्रे एकमेकांशी थेट बोलतात, आणि थेट जोडणी जमलीच नाही तर माहिती रिले सर्व्हरमार्गे, म्हणजे ती फक्त पुढे पोहोचवणाऱ्या मधल्या संगणकामार्गे, जाते. तीही कूटबद्ध असल्याने रिले चालवणाऱ्याला वाचता येत नाही.

उबुंटू आणि डेबियन या लिनक्स प्रणालींवर हे पॅकेज त्यांच्या सॉफ्टवेअर-भांडारातच मिळते. विंडोज आणि मॅकसाठी ते प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावे. सुरू केल्यावर त्याचे नियंत्रण-पान ब्राउझरमध्ये, त्याच संगणकाच्या ८३८४ क्रमांकाच्या पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकित दारावर) उघडते. 'ॲक्शन्स'मधील 'शो आयडी' निवडल्यास सात-सात अक्षरांच्या आठ गटांची ओळख दिसते. ती दुसऱ्या यंत्रावर 'ॲड रिमोट डिव्हाइस'मध्ये भरावी. मग पहिल्या यंत्रावर विचारणा येते, तिला तिथे संमती द्यावी. दोन्ही बाजूंनी मान्यता दिल्याशिवाय जोडणी होत नाही, त्यामुळे आयडी कोणाच्या हाती लागला तरी तेवढ्याने त्याला आपल्या फायली मिळत नाहीत. यानंतर फोल्डर जोडून 'शेअरिंग'मध्ये दुसऱ्या यंत्रावर खूण करावी. पहिला प्रयोग मात्र दोन-चार बिनमहत्त्वाच्या फायली असलेल्या फोल्डरवरच करावा.

खऱ्या फायलींकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेकांचे नुकसान इथेच होते: सिंकथिंग म्हणजे बॅकअप नव्हे. एका यंत्रावर फाइल पुसली की ती दुसरीकडेही पुसली जाते, आणि एखादा दस्तऐवज बिघडला तर तो बिघाडही तितक्याच इमानाने पोहोचतो. त्यासाठी फोल्डरच्या 'फाइल व्हर्जनिंग' (जुन्या प्रती राखणे) या भागात 'ट्रॅश कॅन' किंवा 'स्टॅगर्ड' पर्याय निवडावा. 'स्टॅगर्ड'मध्ये पहिल्या दिवसाच्या दर तासाची, पहिल्या तीस दिवसांतील दर दिवसाची आणि पुढे दर आठवड्याची एक प्रत राहते, म्हणून लेखन करणाऱ्यांनी तोच घ्यावा असे माझे मत आहे. मात्र हे व्हर्जनिंग दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलांपुरतेच चालते; त्याच यंत्रावर आपण स्वतः पुसलेल्या फाइलची प्रत तिथे राखली जात नाही. म्हणून ही सोय दोन्ही यंत्रांवर स्वतंत्रपणे सुरू करावी. फोनवरील छायाचित्रांचा फोल्डर 'सेंड ओन्ली' (फक्त पाठवणारा) ठेवणाऱ्यांनी तर हे आवर्जून करावे, कारण जागा रिकामी करण्यासाठी फोनवरून पुसलेले छायाचित्र संगणकावरूनही जाते.

एकच फाइल दोन्हीकडे बदलली गेली, तर जुन्या बदलाच्या प्रतीच्या नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' हे शब्द आणि तारीख-वेळ येते. दोन्ही प्रती उघडून हवा तो मजकूर हाताने एकत्र करावा. देवनागरी नावांना अडचण येत नाही, पण लिनक्सवर 'अहवाल: भाग १' असे नाव दिल्यास विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविराम घात करतो, कारण विंडोज कोलन स्वीकारत नाही आणि ती फाइल तिथे तयारच होत नाही.

जोडणी सतत रिलेमार्गेच होत असेल, तर २२००० हे पोर्ट टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही जोडणी-पद्धतींसाठी फायरवॉलमध्ये (बाहेरच्या जोडण्या अडवणाऱ्या सुरक्षा-भिंतीत) मोकळे करावे. वेगात लगेच फरक जाणवतो. दोन्ही यंत्रे एकाच वेळी चालू नसतील तर देवाणघेवाण होणार नाही हे उघड आहे. घरात जुना संगणक पडून असेल तर तोच कायम चालू ठेवून तिसरे यंत्र म्हणून जोडावा, म्हणजे लॅपटॉपवर रात्री केलेले काम तो बंद केल्यानंतरही सकाळी दुसऱ्या यंत्राला मिळते.