जुन्या विंडोजच्या रजिस्ट्रीत हात घालताय? आधी या चुका टाळा

विंडोज एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये बंद झाला, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये. तरी दुरुस्तीच्या टेबलावर दोन्ही अजून येतात. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, लॅबमधल्या तपासणी मशीनला जोडलेला पीसी, पॅरलल पोर्टचा डोंगल (मागे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती किल्ली) मागणारा डीटीपीचा जुना सेटअप. यातलं काहीच नव्या विंडोजवर चालत नाही आणि नवीन घ्यायला मालक तयार नसतो. त्यात वावगं काही नाही. नेट काढून ठेवा आणि चालतंय तोवर चालवा.

गडबड पुढे होते. मशीन अडखळायला लागलं की कुणीतरी सांगतं, "रजिस्ट्रीत एरर असणार." रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅम आपल्या सेटिंग्ज लिहून ठेवतात ती वही. मग ज्याला माउस धरता येतो तो रेजएडिट, म्हणजे ती वही उघडून बदलायचा विंडोजचाच प्रोग्रॅम, उघडून बसतो. ‘रजिस्ट्री बिघडली’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मशीनची रजिस्ट्री दुरुस्ती सुरू होईपर्यंत ठणठणीत होती.

दुखणं रजिस्ट्रीचंच आहे हे गृहीत धरणं

रजिस्ट्री म्हणजे शेवटी फाइलीच. सिस्टिम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये सिस्टिम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी आणि डिफॉल्ट या पाच, शिवाय प्रत्येक युजरच्या फोल्डरमध्ये त्याची स्वतःची एनटीयुजर डॉट डॅट. बूट होताना काळ्या स्क्रीनवर ‘कॉन्फिग–सिस्टिम फाइल सापडत नाही किंवा खराब आहे’ असं आलं, तर आधी विचारा, ती खराब झालीच कशी? हजारात नऊशे नव्व्याण्णव वेळा असं नाही म्हणणार, पण बहुतेकदा उत्तर डिस्कवरचे बॅड सेक्टर, सुटत चाललेली रॅम किंवा मेलेली यूपीएसची बॅटरी हे असतं. फाइलवर लिहिणं चालू असताना लाइट गेली की फाइल अर्धवट राहते. कारण न शोधता नुसती फाइल बदलून दिली, तर महिन्याभरात तोच गडी तेच मशीन घेऊन परत दारात.

म्हणून आधी डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघा, रॅम काढून पुसून लावा, जमलं तर रॅमची टेस्ट चालवा. आणि डिस्क कटकट आवाज करत असेल तर लगेच चेकडिस्क स्लॅश आर (अख्ख्या डिस्कवर बॅड सेक्टर शोधणारी तपासणी) मारू नका. मरणाऱ्या डिस्कला ती मेहनत झेपत नाही. आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या, मग काय ते प्रयोग करा.

रजिस्ट्री क्लीनर

टाकू नका. एवढ्यावर थांबलो असतो, पण लोक थांबू देत नाहीत. फुकटचा क्लीनर हजारभर ‘एरर’ लाल अक्षरात दाखवतो, त्या काय असतात? काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या उरलेल्या नोंदी, नसलेल्या फाइलींचे पत्ते. लाखो नोंदींच्या ढिगात त्या पडून राहिल्या तर कुणाचं काही बिघडत नाही, आणि काढल्यानं मशीन पळायलाही लागत नाही. उलट क्लीनरला जी नोंद फालतू वाटली तीच तुमच्या डोंगलच्या ड्रायव्हरला लागत असते. मायक्रोसॉफ्टनं एके काळी स्वतःचं रेजक्लीन काढलं होतं, ते मागे घेतलं, आणि पुढे असल्या क्लीनरना आमचा पाठिंबा नाही असं स्पष्टच सांगितलं. एक्सपीच्या सुरुवातीच्या काळात मेसेंजर सर्व्हिसमधून (नेटवर्कवरून निरोप दाखवणारी विंडोजची सोय, चॅटचा मेसेंजर नव्हे) करड्या चौकटी यायच्या, ‘तुमच्या रजिस्ट्रीत एरर आहेत, अमुक साइटवर जा’. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ नं ती सर्व्हिस बंद करून ठेवली. भीती दाखवून विकायचा धंदा मात्र राहिलाच.

रिस्टार्ट न करताच रजिस्ट्रीतली पुढची नोंद उडवणं

ही माझी खास चीड. सीडी बर्न करायचं जुनं सॉफ्टवेअर काढलं की कधीकधी सीडी ड्राइव्ह माय कॉम्प्युटरमधून गायब होतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह, कोड १९. हे दुखणं खरोखर रजिस्ट्रीचं. लोकल मशीन, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास असं खाली गेलं की महिरपी कंसांतल्या लांबलचक नावांची रांग दिसते. त्यातल्या ४डी३६ई९६५ नं सुरू होणाऱ्या कीमधून (की म्हणजे रजिस्ट्रीतलं फोल्डर) अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स ही दोन मूल्यं, म्हणजे आतल्या नोंदी, काढायची, रिस्टार्ट करायचं, ड्राइव्ह परत येतो. उपाय बरोबर आहे आणि नेटवर ढिगानं सापडतो.

एका छपाईच्या दुकानातल्या ऑपरेटरनं हेच केलं. ९६५ मधून दोन्ही काढली, माय कॉम्प्युटर उघडून बघितलं, ड्राइव्ह नाही. रिस्टार्टशिवाय येणारच नव्हता, पण पोराला धीर कुठला! त्याला वाटलं एवढ्यानं भागत नाही. खाली ९६बी होतं, त्यातही अपरफिल्टर्स. काढलं. ९६एफ मध्येही दिसलं. तेही काढलं. मग रिस्टार्ट.

९६बी म्हणजे कीबोर्ड. ९६एफ म्हणजे माउस. तिथल्या अपरफिल्टर्समध्ये विंडोजचेच केबीडीक्लास आणि माउक्लास हे ड्रायव्हर असतात, ते गेले की दोन्ही उपकरणं मुकी. लॉगिनच्या स्क्रीनवर कर्सर लुकलुकतोय, पासवर्ड टाकता येत नाही, कॅप्स लॉकचा दिवासुद्धा पेटत नाही. मालकानं बाजारातून नवा कीबोर्ड आणला, तोही तसाच. मग मशीन माझ्याकडे आलं, सोबत ‘फॉरमॅट मारा, पण आतले जॉब राहिले पाहिजेत’ ही मागणी.

फॉरमॅटची गरज नव्हती. विंडोज लोड होईपर्यंत कीबोर्ड बायोस सांभाळतो, त्यामुळे चालू करताना एफ ८ चालतो. तिथे ‘लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन’ निवडलं आणि कीबोर्ड-माउस दोन्ही जागे झाले. हा पर्याय रजिस्ट्रीतला फक्त कंट्रोलसेटचा, म्हणजे ड्रायव्हर आणि सर्व्हिसच्या सेटिंग्जचा भाग मागच्या यशस्वी लॉगिनच्या वेळी होता तसा आणून देतो. यातली मेख ‘यशस्वी लॉगिन’ या शब्दांत आहे. पासवर्ड टाकता न आल्यामुळे बिघाडानंतर लॉगिन झालंच नव्हतं, म्हणून चांगली प्रत शाबूत राहिली. पासवर्ड नसता आणि विंडोज आपोआप आत गेलं असतं, तर तीच बिघडलेली अवस्था ‘गुड’ म्हणून नोंदली गेली असती. आणि पोरानं एफ ३ (पुढचं शोध) दाबत सगळ्या रजिस्ट्रीतून अपरफिल्टर्स वेचून काढलं असतं, तर जुने कंट्रोलसेटही साफ झाले असते. सीडी ड्राइव्ह अर्थातच पुन्हा गायब होता. मग एकट्या ९६५ मधलं काढलं, रिस्टार्ट केलं, आला.

यावर माझ्या दोन सवयी. की निवडली की उजवीकडे डिफॉल्टसमोर काय लिहिलंय ते वाचतो. ‘कीबोर्ड्स’ असं तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं, आकडे पाठ करायची गरज नाही. आणि मी डिलीट करत नाही, नाव बदलतो. अपरफिल्टर्सच्या मागे अंडरस्कोअर आणि तारीख. विंडोजला ते दिसत नाही, मला दिसतं. रेजएडिटमध्ये अनडू नाही आणि सेव्हचं बटणही नाही; एंटर मारलं की लिहिलं गेलं.

एक्सपोर्ट घेतलंय म्हणून निर्धास्त राहणं

एक्सपोर्ट केलेली डॉट रेग फाइल परत इम्पोर्ट केली की सगळं होतं तसं होतं, हा गैरसमज भल्याभल्यांचा आहे. इम्पोर्ट जुन्या नोंदी परत लिहितं. मधल्या काळात नव्यानं घुसलेल्या नोंदी काढत नाही. तुम्ही एखादं चुकीचं मूल्य नव्यानं तयार केलं असेल तर ते इम्पोर्टनंतरही तिथेच. म्हणून एक्सपोर्ट घ्या, पण सोबत रिस्टोअर पॉइंटही (सिस्टिम रिस्टोअरनं मागे जाता येईल अशी प्रत) करा. एक्सपीवर मी इरंट हे छोटं फुकट प्रोग्रॅम वापरतो, ते रजिस्ट्रीच्या अख्ख्या फाइलींची प्रत तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि गरज पडली तर रिकव्हरी कन्सोलमधूनही (एक्सपीच्या सीडीवरून उघडणारी कमांडची काळी स्क्रीन) परत लावता येतं. रेजएडिटच्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढायलाही काही पैसे पडत नाहीत.

व्हायरस काढला, नोंद तशीच ठेवली

लॉगिन होतं, ‘सेटिंग्ज लोड होत आहेत’ दिसतं आणि लगेच लॉगऑफ. सेफ मोडमध्येही तेच. विनलॉगऑन कीमधल्या युजरइनिटमध्ये व्हायरसनं आपलं नाव घुसवलेलं असतं. अँटिव्हायरस व्हायरसची फाइल उडवतो, नोंद मात्र नसलेल्या फाइलकडे बोट दाखवत राहते. तिथे सिस्टिम३२ मधल्या युजरइनिट डॉट ईएक्सईचा पूर्ण पत्ता हवा, शेवटी स्वल्पविरामासकट. आत जाताच येत नसेल तर रिकव्हरी कन्सोलमधून युजरइनिटची एक प्रत व्हायरसच्या फाइलच्या नावानं ठेवा. लॉगिन होईल. मग आत जाऊन नोंद नीट करा आणि ती नकली प्रत काढा.

बाकीच्या, थोडक्यात

एक्सपीच्या विंडोज–रिपेअर फोल्डरमधल्या फाइली कॉन्फिगमध्ये टाकून काम संपलं समजणं. त्या साधारणपणे विंडोज टाकलं त्या दिवसाच्या असतात. त्यांनी फक्त बूट होतं. नंतर सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशनमधल्या रिस्टोअर पॉइंटच्या स्नॅपशॉटच्या फाइली आणायच्या असतात, पण लोक सूचनांचं पहिलं अर्धं पान वाचूनच कामाला लागतात.

विंडोज ७ च्या रेगबॅक फोल्डरमधून (विंडोज स्वतः रजिस्ट्रीच्या प्रती ठेवतं ती जागा) फाइली उचलताना तारीख आणि साइज न बघणं. मूळ बिघडलेल्या फाइलीही नाव बदलून ठेवा, पुसू नका.

६४ बिट विंडोज ७ वर ३२ बिट सॉफ्टवेअरची की शोधत डोकं फोडणं. ती वॉव६४३२नोडमध्ये असते.

‘व्हायरस तिथे लपतो’ म्हणून सिस्टिम रिस्टोअर बंद करणं. बंद केलं की सगळे जुने पॉइंट त्याच क्षणी जातात.

डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून लोड हाइव्ह करणारे (म्हणजे त्या डिस्कवरची रजिस्ट्रीची फाइल इथल्या रेजएडिटमध्ये उघडणारे) दोन गोष्टी विसरतात. तिथे करंटकंट्रोलसेट नसतो, सिलेक्ट कीमधला करंटचा आकडा बघून कंट्रोलसेट००१ की ००२ ते ठरवायचं. आणि काम झाल्यावर अनलोड हाइव्ह करायचं. केबल तशीच ओढलीत तर केलेला बदल फाइलमध्ये उतरला असेलच असं नाही.