क्राइम शो पाहताना वही जवळ ठेवा

रविवारी सकाळी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी तर्री-पोहे आणि क्राइम शोचा रिपीट. पहिल्या ब्रेकआधीच सासूबाईंचा निकाल, "नवराच हाय, पाहून घे!" म्हणून मी वही काढली.

आधी आवाज बंद करा. ढॅणढॅण संगीत गेलं की अर्धा पुरावा गळतो, करूनच पाहा. उरलेलं लिहा: कोणी पाहिलं, कोणी तपासलं, कोणी नुसतं म्हटलं.

'बोटाचा ठसा जुळला' आलं की थांबा. पूर्ण होता की अर्धवट? दुसऱ्या तपासणाऱ्याला पहिल्याचा निष्कर्ष आधीच माहीत होता का? 2004 च्या स्पेनमधल्या माद्रिद स्फोटांत एफबीआयने, म्हणजे अमेरिकेच्या तपास संस्थेने, तिथल्याच एका अमेरिकन वकिलाचा ठसा असाच जुळवला. एकानं हो म्हटलं, पुढच्यांनी माना डोलावल्या. वकील दोन आठवडे कोठडीत. ठसा निघाला अल्जेरियन माणसाचा.

सूक्ष्मदर्शकाखाली केस जुळला म्हणाले तर डीएनए मागा. 2015 मध्ये एफबीआयनेच कबूल केलं, त्यांच्या तज्ज्ञांच्या केसांबद्दलच्या ज्या साक्षी पुन्हा तपासल्या, त्यांपैकी किमान 90 टक्क्यांत चुकीची विधानं होती. पोलिसांपुढची कबुली? आपल्या कोर्टात आरोपीविरुद्ध सहसा चालत नाही, पुढे चला.

परवा सासूबाई म्हणाल्या, "ठसा तर अर्धाच दिसून राहिला वो!" पोहे तोवर थंड.