लग्न-साखरपुड्याचे नॅचरल फोटो: पोज देऊ नका, काम द्या

"थोडं हसा... अजून थोडं... मान जरा डावीकडे... हां बस बस" हे मी पहिली तीन वर्षं प्रत्येक लग्नात बडबडत होतो आणि घरी येऊन कार्ड उघडलं की सगळे नवरदेव आधार कार्डावरच्या फोटोसारखे. मला वाटायचं लोकच लाजरे आहेत, आपण काय करणार. मग हळूहळू लक्षात आलं की लाजण्याचा प्रश्नच नाहीये, हातांचा प्रश्न आहे. हात कुठे ठेवायचे हे कळलं नाही की चेहरा आखडतो, आणि हाताला काम मिळालं की चेहरा आपोआप सुटतो. आता मी जे काही करतो ते सगळं यावरच चालतं, लेन्स-बिन्स नंतर.

साखरपुड्यापासून सुरू करू कारण तिथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ठरवून जमलेलं लग्न असेल तर ती दोघं जेमतेम चार वेळा भेटलेली असतात, त्यातल्या दोन वेळा घरचे शेजारच्या टेबलावर बसलेले. आणि आपण त्यांना सांगतो एकमेकांच्या डोळ्यात बघा, कपाळाला कपाळ लावा. आई-वडील, काका, मामा सगळे समोर उभे. कसं जमणार? मी असं काही सांगतच नाही. मी म्हणतो, आजी तिकडे कोपऱ्यात खुर्चीवर बसल्यात, त्यांना नीट दिसलं नसेल, जाऊन अंगठ्या दाखवून या. दोघं जातात, वाकतात, आजी हात धरून अंगठी फिरवून फिरवून बघते, काहीतरी खवचट बोलते आणि दोघं एकदम एकमेकांकडे बघून हसतात. झाला फोटो. फक्त आपण आधीच आजीच्या मागे जाऊन उभं राहिलेलं पाहिजे, आजी बोलल्यावर पळत गेलात तर तोवर सगळं संपलेलं असतं.

दुसरा हमखास चालणारा प्रकार म्हणजे उखाणा. सगळे फोटोग्राफर नाव घेतानाचा फोटो काढतात आणि त्यात तोंड अर्धवट उघडं येतं, वाईटच दिसतं. फोटो आहे तो आधीचे पाच सेकंद, जेव्हा ती वर छताकडे बघत ओळ आठवत असते, आणि नंतरचे पाच सेकंद, जेव्हा सगळे ओरडतात आणि तो खाली बघून हसतो. मधलं व्हिडिओवाल्याला द्या.

बाहेर शूट असेल तर मी जोडप्याला सांगतो त्या झाडापर्यंत चालत जा आणि लग्नात कोण कोण रुसणार आहे त्याची यादी करा. अजून एकही जोडपं असं भेटलं नाही की ज्यांच्याकडे यादी नव्हती. मेणवलीला, म्हणजे वाईजवळ नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर, मी वेगळं करतो. तिथे मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेल्या घंटांपैकी. ती गोष्ट सांगत सांगत मी त्यांना घंटेजवळ नेतो आणि दोघं मान वर करून बघतात. मान वर गेली की उजेड डोळ्यात उतरतो, भुवयांखालची सावली जाते आणि हनुवटीचा प्रश्न पण मिटतो, आणि यातलं काही त्यांना सांगावं लागत नाही. घाटाच्या पायऱ्यांवर मात्र सकाळी लवकर जा, नंतर तिथे दुसरी तीन जोडपी, त्यांचे धुराचे डबे आणि भाड्याचे गाऊन असतात. आणि पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंवर ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, गेटवर भांडून उपयोग नाही, ते विसरू नका.

आता लग्नाचा दिवस. इथे नॅचरल फोटो म्हणजे नशीब असं समजणारे खूप आहेत, मी पण होतो. एका लग्नात मी अंतरपाट दूर होतानाचा फोटो चक्क घालवला. मंगलाष्टकं संपायला वेळ आहे असं समजून बॅटरी बदलत बसलो, मान वर केली तर हार घालून पण झाले होते. वधूच्या वडिलांनी काही म्हटलं नाही पण अल्बम बघताना ते ज्या पानावर थांबले ते मला अजून आठवतं. त्यानंतर मी एक गोष्ट शिकलो: "तदेव लग्नं सुदिनं तदेव" कानावर पडलं की शेवटचं कडवं आलं, आता कॅमेरा डोळ्यावरून काढायचा नाही. गुरुजींना पाच मिनिटं आधी भेटून विचारा, मंगलाष्टकं किती आहेत, मावशी-आत्या स्वतः रचलेली म्हणणार आहेत का, अंतरपाट कुठल्या बाजूला काढणार. गुरुजी खूश होतात, कारण त्यांना सहसा कोणी काही विचारत नाही, "गुरुजी इकडे बघा" एवढंच सांगतात.

हॉलचा उजेड हा वेगळाच त्रास. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्टेजवरचे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही पण शटर फास्ट ठेवलं की फोटोत आडवे काळे पट्टे येतात, आणि आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलं तर अजूनच जास्त. अशा हॉलमध्ये मी शटर १/१०० सेकंदावर ठेवतो. पण १/१०० ला उडणाऱ्या अक्षतांच्या रेघा दिसतात, त्या हवेत थांबवायच्या तर १/५०० तरी लागतं. म्हणून सकाळी हॉल रिकामा असतानाच स्टेजवर दोन-चार टेस्ट काढून बघायचे, पट्टे येत नसतील तर बिनधास्त १/५००, येत असतील तर रेघा चालवून घ्यायच्या. रेघांनी काही बिघडत नाही, चेहऱ्यावरच्या पट्ट्यांनी बिघडतं.

हळदीला ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवणं, बंद करा, प्लीज. समोर सगळंच पिवळं दिसल्यावर कॅमेरा गोंधळतो आणि निळा रंग ओततो, मग हळद मेलेली दिसते. उघड्यावर असाल तर ५२०० ते ५५०० केल्विनला फिक्स करा आणि सोडून द्या. वर पिवळा कापडी मांडव असेल तर चेहरे पिवळे येणारच, त्याला उपाय एकच, पाट मांडवाच्या कडेला सरकवा. हे आदल्या रात्रीच सांगायचं, पाटाभोवती रांगोळी काढून झाल्यावर सांगितलंत तर काकू तुम्हाला जेवायला वाढणार नाहीत.

नथ असेल तर बहुतेक वेळा डाव्या नाकपुडीत असते, म्हणून मी वधूच्या डाव्या बाजूने काढतो. मुंडावळ्यांच्या लडी डोळ्यावर येतात, त्या स्वतः हात लावून बाजूला करू नका, नवऱ्याला सांगा "तिची मुंडावळी सरळ कर ना जरा". तो घाबरत घाबरत करतो, ती डोळे मिटते. हा माझा सगळ्यात जास्त वापरलेला डाव आहे आणि अजून फसला नाही.

सूनमुखाला सासू आरशात सुनेचं तोंड बघते, तेव्हा फोकस आरशाच्या चौकटीवर अडकतो. फोकस पॉइंट आरशातल्या डोळ्यावर ठेवा, कारण कॅमेऱ्याच्या हिशोबाने आतला चेहरा आरशापेक्षा बराच लांब असतो. आणि दोन माणसं एका फोटोत असताना एफ १.४ चा, म्हणजे लेन्स खूप उघडी ठेवण्याचा, मोह टाळा. एकाचा डोळा शार्प आणि दुसरी व्यक्ती धुक्यात, असं लग्नाच्या फोटोत बरं दिसत नाही. मी २.८ वर असतो. कानपिळीला तर ४, कारण तिथे कोण कुठे उडी मारेल सांगता येत नाही आणि सगळा कार्यक्रम पाच सेकंदांचा.

दोघांचे पोर्ट्रेट कधी काढायचे? अक्षता पडल्या की आहेराची लाइन लागते आणि दोघं दीड तास स्टेजवर अडकतात, मग चेहरे थकतात, मेकअप उतरतो. म्हणून करवलीला आदल्या दिवशीच पटवून ठेवा, की लाइन सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं ही दोघं माझी. आईला सांगितलं तर आई विसरते, करवली विसरत नाही. हॉलचं मागचं दार, जिथून केटररचं सामान येतं, तिथला उजेड बहुतेक ठिकाणी सगळ्यात चांगला असतो. दाराच्या आत तीन-चार फुटांवर उभं करा, आतले दिवे बंद, व्हिडिओवाल्याला चहा प्यायला पाठवा. मग काही बोलू नका. खरंच, दोन मिनिटं गप्प बसा. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना कोणी काही सांगत नसतं. ती म्हणते पाय दुखतायत, तो म्हणतो मला भूक लागलीये, आणि तेवढ्यात ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकते. माझे निम्म्याहून जास्त चांगले फोटो केटररच्या दारातले आहेत, मागे कढया दिसत नाहीत एवढंच बघायचं.

एडिटिंगबद्दल थोडंच. "जरा गोरं करा हो" हे येणारच. मी करत नाही, सरळ सांगतो की मेंदी पण फिकी पडेल आणि शालूचा रंग पण जाईल. हे कारण पटतं, रंगावरून भाषण दिलेलं पटत नाही. निळ्या-केशरी छटेचे रेडीमेड प्रीसेट आपल्या लग्नाला अजिबात चालत नाहीत, हिरवा चुडा राखाडी दिसतो. मुरूम काढा, दोन दिवसांनी तो तसाही जाणार असतो. तीळ, व्रण, वडिलांच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या राहू द्या.

पाठवणीला मी लांब जातो, ८५ एमएमची लेन्स लावतो आणि वधूपेक्षा जास्त तिच्या भावाकडे लक्ष ठेवतो, तो गाडीत सामान लावण्याच्या निमित्ताने डिकीमागे जाऊन रडतो. तो फोटो काढावा की नाही हे दरवेळी तिथेच ठरवतो, कधी कधी नाही काढत. गाडी निघाली की लगेच दोन्ही कार्डं हार्ड डिस्कवर उतरवा, हॉलमध्येच, घरी जाऊन नाही. आणि तुमचं जेवणाचं ताट दुपारीच बाजूला काढून ठेवायला सांगा, शेवटच्या पंगतीनंतर फक्त मसालेभात उरतो, तो पण गार.