दुधातुपाशिवाय पंगत आणि प्रवास : कसं जमवायचं

मराठी घरात कुणी व्हीगन व्हायचं, म्हणजे दूध-तूप-मधासकट प्राण्यांपासून मिळणारं काहीही न खायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो, "मग खाणार काय?" पिठलं-भाकरी, कांदेपोहे, मटकीची उसळ, वालाचं बिरडं, काळ्या वाटाण्याचं सांबारं, अळूचं फदफदं, भरली वांगी, कांदाभजी. यातल्या एकालाही मुळात दूध लागत नाही. दूध-तूप येतं ते बहुतेक वेळा वरून, वाढताना. त्यामुळे वेगळा स्वयंपाक शिकायची गरज फारशी पडत नाही. घरात जे आधीच होतं त्यातलं नेमकं निवडायचं आणि ते सगळ्यांसाठी एकाच पातेल्यात करायचं. व्हीगन माणसासाठी कोपऱ्यात वेगळी वाटी ठेवली की तो पाहुणा होतो आणि बाकीचे यजमान.

१. तूप कुठे पडतं ते आधी बघा

आठवडाभर घरातल्या जेवणावर नुसती नजर ठेवा. पोळीला तूप, भाकरीवर लोणी, साबुदाण्याच्या खिचडीची आणि उपम्याची फोडणी, कोशिंबिरीतलं दही, आणि दिवसातून दोन-तीनदा चहा. बहुतेक घरांत यादी इथेच संपते. फोडणीला शेंगदाण्याचं तेल चालतं. दह्याच्या कोशिंबिरीऐवजी दाण्याचं कूट आणि लिंबू घालून खमंग काकडी करा, फोडणी तेलाची द्या. वरणभातावरच्या तुपाची जागा मात्र कशानेही भरून निघत नाही. तिथे झगडत बसू नका, त्या दिवशी चिंचगुळाची आमटी करा.

काही पदार्थांत दूध किंवा दही आतच असतं. थेपले आणि धपाटे बहुधा दह्यात किंवा ताकात भिजवतात, ढोकळ्याच्या पिठातही ते असतं, दशमी तर पारंपरिक रीतीने दुधातच मळतात. नान, भटुरे यांचंही तेच.

पाकिटावरचा हिरवा ठिपका इथे उपयोगाचा नाही, कारण दूध असलेल्या शाकाहारी पदार्थावरही तो असतोच. मागची बारीक अक्षरं वाचा : दूध पावडर, मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, बटर. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२२ मध्ये स्वतंत्र नियम केले. त्यांचं चिन्ह म्हणजे हिरवा व्ही आणि त्यावर पान. ते दिसलं तर काम सोपं, पण चुरमुरे, पोहे, डाळी असल्या वस्तूंवर ते शोधत बसायचं कारण नाही.

एक गोष्ट ताटातून भागत नाही, ती म्हणजे बी १२ जीवनसत्त्व. वनस्पतींमधून ते भरवशाने मिळत नाही. दूध कायमचं सोडणार असाल तर डॉक्टरांशी बोलून गोळी सुरू करा. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ घरात असतातच.

२. सांगताना पदार्थाचं नाव सांगा

"मी दूध, दही, तूप, लोणी, पनीर, मध काही खात नाही," असं फोनवर सांगितलं की समोरची मावशी घाबरते. मग ती सॅलड करून ठेवते आणि आपण उपाशी परत येतो. त्याऐवजी म्हणा, "मावशी, तुझ्या हातचं बिरडं आणि भात कर ना. तूप फक्त वाटीत बाजूला ठेव, ज्याला हवं तो घेईल." तिला काय करायचं ते कळतं आणि कौतुकही होतं. सासरी असाल तर, "आई, माझ्या पोळ्या मी शेवटी कोरड्या भाजून घेते," एवढं पुरतं.

सत्यनारायणाच्या प्रसादाचं काय करायचं ते घरून ठरवून निघा. त्या शिऱ्यात तूपही असतं आणि दूधही. कुणी कणभर घेतात, कुणी कपाळाला लावून शेजारच्याला देतात. दोन्ही शांतपणे होऊ शकतं. पंगतीत बसून गाईम्हशींच्या हालांवर व्याख्यान देणं मला पटत नाही. त्याने मत बदललेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. बिरडं चांगलं झालं तर मात्र लोक आपणहून विचारतात.

३. बेत ऋतूवर सोडा

चैत्रातल्या हळदीकुंकवाचा बेत कैरीची डाळ आणि पन्हं, म्हणजे काहीही न बदलता व्हीगन. फक्त डाळीवरची फोडणी तेलाची आहे ना, ते बघा. मे महिन्यात आमरस-पुरी; रसात दूध घालायची सवय असलेल्या घरात फक्त तेवढं टाळायचं. हापूस चांगला असेल तर त्याची गरजही नसते. गणपतीत उकडीचे मोदक : उकडीत चमचाभर तेल, सारणात ओलं खोबरं आणि गूळ, वरची तुपाची धार ज्याची त्याने घ्यावी. होळीला तेलपोळी (तेलावर लाटलेली पुरणपोळी) करा आणि कोकणातल्यासारखी नारळाच्या दुधाबरोबर वाढा, शेजारी कटाची आमटी.

गोडासाठी आणखी काही हवं असेल तर मालवणी शिरवाळे (तांदळाच्या शेवया) किंवा खापरोळ्या (जाड, जाळीदार घावन) करा. गूळ आणि वेलची घातलेला नारळाचा रस हाच त्यांचा जोडीदार. 'व्हीगन चीजकेक' करून पाहुण्यांना चकित करण्यापेक्षा हे पदार्थ कितीतरी बरे, आणि आजीसुद्धा दुसऱ्यांदा मागून घेते.

४. सोलकढी

चार-पाच जणांसाठी एक मध्यम नारळ आणि दहा-बारा आमसुलं घ्या. आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून हाताने कुस्करा आणि ते पाणी गाळून ठेवा. ओलं खोबरं, लसणाच्या दोन पाकळ्या, अर्धी हिरवी मिरची आणि थोडं जिरं दीड वाटी कोमट पाण्यात वाटा. पातळ सुती फडक्यातून घट्ट पिळून दूध काढा. चोथा पुन्हा वाटीभर पाण्यात फिरवून दुसरं दूध काढा. दोन्ही दुधं एकत्र करून त्यात आमसुलाचं पाणी हळूहळू घाला, रंग आणि आंबटपणा बघत बघत. मीठ, कोथिंबीर, बस्स. आमसुलांऐवजी आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरत असाल तर तीन-चार चमचे पुरतात आणि मीठ अगदी शेवटी, चाखूनच घाला, कारण आगळ मुळात खारट असतं.

सोलकढी उकळायची नाही, स्निग्धांश वेगळा होतो. फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा, मुंबईच्या हवेत नारळाचं दूध संध्याकाळपर्यंतही थांबत नाही. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या, कोकमाच्या आंबटपणामुळे तांब्या-पितळेचं किंवा अॅल्युमिनियमचं नको.

५. शेंगदाण्याचं दही आणि मठ्ठा

दह्याशिवाय जेवण उतरत नाही, असं म्हणणारी माणसं प्रत्येक घरात असतात. त्यांच्यासाठी हा खटाटोप करण्यासारखा आहे.

एक वाटी कच्चे शेंगदाणे सहा ते आठ तास भिजवा. भाजलेले चालत नाहीत. सालं चोळून काढा आणि तीन वाट्या पाण्यात अगदी बारीक वाटून फडक्यातून गाळा. हे दूध मंद आचेवर दहा मिनिटं उकळा. ढवळत राहा, कारण ते तळाला लागतंही आणि उतूही जातं. कोमट झालं की त्यात चार-पाच हिरव्या मिरच्यांचे स्वच्छ धुतलेले देठ टाका, झाकून दहा-बारा तास ठेवा. देठांवरचे जिवाणू विरजणाचं काम करतात. पहिलं दही जरा उग्र आणि विस्कटलेलं लागतं, ते विरजण म्हणूनच धरा. त्यातले दोन चमचे पुढच्या दुधात घातले की सहा-आठ तासांत बरं दही लागतं. उन्हाळ्यात त्याहूनही लवकर.

म्हशीच्या दह्यासारखी कवडी याला पडत नाही, थोडं पाणी सुटतंच. म्हणून वाटीत वाढण्यापेक्षा याचा मठ्ठा करा : आलं, जिरेपूड, मीठ, कोथिंबीर घालून घुसळलेला. मठ्ठ्यात दाण्याची चव जवळजवळ लपते. उरलेला चोथा थालीपिठात घाला. आणि पाहुण्यांत कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी नाही ना, ते आधी विचारा.

६. चहाचा प्रश्न

तूप सोडणारे पुष्कळ भेटतात, चहा सोडणारे कमी. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गवती चहा, आलं आणि गूळ घालून काढलेला बिनदुधाचा चहा, वर लिंबू पिळा किंवा नका पिळू. दुधाळ चहाच हवा असेल तर काजूचं दूध घ्या. पाव वाटी काजू भिजवून दोन वाट्या पाण्यात बारीक वाटले की झालं, गाळायची गरज नाही. चहा पाण्यात नीट उकळा, गॅस बंद करा, मग गरम केलेलं काजूदूध ओता. सोयादूध आल्याच्या चहात फाटू शकतं, ओटचं दूध जास्त उकळलं की चिकट होतं. आणि हे सगळं करून चहा टपरीसारखा लागेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

७. मुंबईत बाहेर पडल्यावर

भेळ, पाणीपुरी, सुकी भेळ, रगडा-पॅटिस हे जवळजवळ नेहमी चालतं, दहीपुरी नाही. वडापावात वडा आणि लसणाची सुकी चटणी निर्धास्त खा. पावाला बटर लावतात का, एवढं बघा. पावभाजीच्या तव्याशी वाद घालण्यात अर्थ नाही : "बटर नको" म्हटलं तरी भाजी आधीच लोण्यात शिजलेली असते. मिसळ मागवताना वरचं दही नको म्हणून सांगा.

माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांत इडली-सांबार आणि साधा डोसा ही भरवशाची जोडी. डोसा तेलावर मागा आणि खोबऱ्याच्या चटणीत दही आहे का ते विचारा. रवा डोशाच्या पिठात कधी कधी ताक असतं. प्यायला शहाळं किंवा उसाचा रस आहेच. नीरा मिळाली तर सकाळीच प्या, ऊन चढलं की ती आंबू लागते.

८. प्रवासाचा डबा

पहिल्या जेवणाला भाकरी आणि कोरडी भाजी, झुणका उत्तम. दुसऱ्या दिवसासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या. तेलाचं मोहन घालून पाण्यात घट्ट मळलेल्या पुऱ्या दोन दिवस सहज राहतात. दशमी हवी असेल तर कणीक दुधाऐवजी गुळाच्या पाण्यात भिजवा. नारळाच्या दुधात मळलेली दशमी चवीला छान, पण ती त्याच दिवशी खाऊन टाकायची. काहीही भरा, पूर्ण गार झाल्यावरच भरा. पावसाळ्यात डब्यात अडकलेली वाफ म्हणजे दुसऱ्या सकाळी बुरशी.

सोबत जवसाची, कारळ्याची आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी घ्या, कुठलाही साधा भात त्यांनी खाण्याजोगा होतो. गोडाला दाणे-गुळाचे लाडू किंवा खजूर. लोणावळ्याची चिक्की घेताना पाकीट उलटून बघा, काहींत तूप किंवा बटर असतं. फज मात्र दुधाचाच.

पेयांत सगळ्यात सोयीचं कोकम आगळ. मिठामुळे ते फ्रिजविना टिकतं. लहान काचेची बाटली, जिरेपूड आणि साखरेची पुडी असली की स्टेशनवरच्या पाण्याच्या बाटलीतसुद्धा सरबत होतं. पन्ह्याचा गर नेणार असाल तर शिजवलेल्या कैरीच्या वाटीभर गराला दीड-दोन वाट्या गूळ घालून आटवा आणि पहिल्या दिवशीच संपवा.

रेल्वेत पुण्याकडे जाताना कर्जतचा बटाटावडा आहेच. जेवण मागवताना 'जैन' निवडून उपयोग नाही, त्यात कांदा-लसूण नसतो पण दही-तूप असू शकतं. विमानात तिकीट काढतानाच विशेष जेवणाचा व्हीजीएमएल हा कोड निवडा. एव्हीएमएल म्हणजे भारतीय पद्धतीचं शाकाहारी जेवण, त्यात दूध असतं. ऐन वेळी हवाई सुंदरीला सांगून काही होत नाही, ही मागणी साधारण एक दिवस आधी नोंदवावी लागते.

गुजरात-राजस्थानात रोटीवर तूप न विचारताच येतं, म्हणून ऑर्डर देतानाच "कोरी रोटी" सांगा, ताट आल्यावर नको. केरळात उलट आराम : पुट्टू-कडला, आप्पम आणि नारळाच्या दुधातली भाजी, सद्यात (केळीच्या पानावरच्या केरळी पंगतीत) फक्त ताका-दह्याचे पदार्थ ओळखून बाजूला करायचे. पायसम घेण्याआधी विचारा. अडा प्रधमन नारळाच्या दुधात आणि गुळात करतात, पाल पायसम गाईच्या दुधात.

कोकणात घरगुती राहण्याच्या ठिकाणी उतरणार असाल तर आदल्या संध्याकाळीच फोन करा. "काकू, सकाळी घावणे आणि नारळाचा रस चालेल, दुपारी कुळथाची पिठी आणि भात," असं सांगा. नारळ खोवायला त्यांना वेळ मिळतो, आणि पनीर आणायला कुणाला तालुक्याला पिटाळावं लागत नाही.