न्यूरल नेटवर्कने फ्लुइडचं इक्वेशन सोडवायचंय? आधी बर्गर्स घ्या

बडोद्याची पोरं विश्वामित्रीचा पूर बघतच मोठी होतात, त्यामुळे कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, प्रोजेक्टचा विषय निघाला की सगळ्यांना थेट नदीच हवी असते, सेंट व्हेनंटची (नदीसारख्या उघड्या प्रवाहाची) इक्वेशन्स नेटवर्कात घालायची आणि पाणी कुठवर चढेल ते काढायचं. जरूर करा, पण त्याआधी एका डायमेन्शनचं बर्गर्स इक्वेशन, म्हणजे फ्लुइडच्या इक्वेशनचं सोपं रूप, हातात बसू द्या. प्रवाह स्वतःलाच ओढतो ती नॉनलिनियर टर्म त्यात आहे, व्हिस्कॉसिटी (प्रवाहाचा चिकटपणा) आहे, आणि नेमकं उत्तर कोल-हॉप्फ ट्रान्सफॉर्मने निघतं म्हणजे ताडून बघता येतं.

पद्धत अशी. नेटवर्कला एक्स (जागा) आणि टी (वेळ) द्यायचे, बाहेर वेग यू येतो. रायसी, पर्दिकारिस आणि कार्नियाडाकिस यांच्या 2019 च्या पेपरातलाच प्रॉब्लेम घ्या: एक्स -1 ते 1, टी 0 ते 1, सुरुवातीला यू म्हणजे उणे साइन पाय एक्स, दोन्ही टोकांना शून्य, व्हिस्कॉसिटी 0.01 भागिले पाय. लॉस म्हणजे नेटवर्क किती चुकतंय त्याचा आकडा, त्याचे दोन भाग, एक सुरुवात आणि टोकं जुळतायत का त्याचा, दुसरा आतल्या 10,000 पॉइंट्सवर इक्वेशनच्या दोन बाजूंत किती फरक राहतो त्याचा.

डेरिव्हेटिव्ह ऑटोग्रॅडने (ते आपोआप काढून देणाऱ्या सोयीने) काढा, पण पायटॉर्च या लायब्ररीत पहिला काढताना क्रिएट ग्राफ हा पर्याय ट्रू ठेवा नाहीतर दुसरा निघणारच नाही. अॅक्टिव्हेशन, म्हणजे नेटवर्कच्या प्रत्येक थरातलं नॉनलिनियर फंक्शन, टॅनएच घ्या. रेलू अजिबात नको, त्याचा दुसरा डेरिव्हेटिव्ह जवळपास सगळीकडे शून्य, म्हणजे व्हिस्कॉसिटीची टर्मच गायब आणि नेटवर्क भलतंच इक्वेशन सोडवत बसतं. ट्रेनिंगला आधी अॅडम हा ऑप्टिमायझर चालवा, लॉस रेंगाळला की एल-बीएफजीएस हा दुसरा.

आता खरी मेख. टी साधारण 0.32 च्या आसपास एक्स शून्यापाशी यू चा उतार एकदम उभा होतो, जवळजवळ भिंतच, आणि नेटवर्कला गुळगुळीत वळणं लवकर जमतात पण असा कडा उशिरा जमतो, म्हणून लॉस छान खाली आलेला दिसतो आणि ग्राफ काढला तर कडा पसरट. लॉसवर विश्वास ठेवू नका. टी 0.25, 0.5 आणि 0.75 ला नेमक्या उत्तरावर आपलं उत्तर ठेवून बघा, आणि जिथे इक्वेशनचा फरक मोठा राहतो तिथेच जास्तीचे पॉइंट्स टाका. सुरुवातीची अट पाळली जात नसेल तर तिच्या लॉसचं वजन वाढवा.

एक स्पष्ट सांगतो, सगळ्या अटी माहीत असतील आणि नुसतं उत्तर हवं असेल तर फायनाइट व्हॉल्यूम ही जागेचे छोटे तुकडे करून सोडवायची नेहमीची पद्धत कितीतरी पटकन काम उरकतं, तिथे नेटवर्कचा अट्टहास नको. नेटवर्क कामाला येतं ते उलट्या प्रश्नात, म्हणजे विश्वामित्रीवरच्या काला घोडा पुलासारख्या मोजक्याच जागी पातळीचे आकडे आहेत आणि नदीच्या तळाचं घर्षण माहीत नाही, ते शोधायचंय. त्याची तालीम बर्गर्सवरच होते: व्हिस्कॉसिटीचा आकडा लपवा, तिला ट्रेन होणारा पॅरामीटर करा, पॉझिटिव्ह राहावी म्हणून तिचा लॉग शिकवा, थोडे यू चे आकडे द्या आणि ती परत 0.00318 च्या (म्हणजे 0.01 भागिले पायच्या) जवळ येते का बघा. आली की मग सेंट व्हेनंट उघडा.